टेलरमास्तरांची निशाणी कुलूप

तीर्थरूप मोठ्या वन्संना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर समजा. सध्या कमरेत उसण भरली आहे आणि वाकायचं नुसतं मनात आणलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. उसण कशाने भरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून घरातल्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याच खोकल्याचा पूर्णविराम लागतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं; खरं सांगायचं तर गेले काही महिने या घरात खुशाली सोडून बाकी सगळं नांदून गेलं. तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत, धाकट्याने नगरपालिकेची निवडणूक लढवली असं कानावर आलं, ते खरं का? आणि खरं असेल तर तू काय करत होतीस? वन्सं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. दुसऱ्याचं उत्तर असं की मी काजं करत होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्हीच हातात सुई दिलीत, तेव्हापासून मी काजंच करते आहे. मान वर करून बघितलं तर प्रचाराच्या पोस्टरवर ह्यांचा फोटो, भिंतीभिंतीवर.

तुमचे बंधुराज कसे आहेत ते मी तुम्हाला काय सांगणार! तुम्ही त्यांना अंगाखांद्यावर खेळवलंत, मी नुसती निभावते आहे. कारागीर म्हणून त्यांचा हात धरणारा या शहरात कोणी नाही. कोटाचा खांदा असा बसवतात की पोक आलेला माणूसही छाती काढून चालायला लागतो. दोष म्हणाल तर एकच. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून "मास्तर, कधी मिळेल?" म्हणालं की ह्यांच्या तोंडून आपोआप "उद्या" बाहेर पडतं. कापड कपाटात घडीसुद्धा न मोडता पडलेलं असतं, मशीनवर भलत्याच कोणाची पँट असते, आणि हे मानेला टेप लटकवून, डोळ्यांत बघून, अगदी मनापासून सांगतात, "उद्या." मी मागे बसून कपाळाला हात लावते. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "अगं, माणूस एवढा आशेने येतो, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?" म्हणून तो आशेने आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा आशेनेच येतो, आणि तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन येतो. आमच्या गल्लीत 'मास्तरांचं उद्या' असा वाक्प्रचारच पडला आहे. परवा एका बाईला आपल्या मुलीला रागावताना ऐकलं, "नीट सांग, उद्या करणार म्हणजे उद्या करणार, की मास्तरांचं उद्या?" असा माणूस मतदारांना आश्वासनं द्यायला निघाला, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करा.

पण निघाला का, ते ऐका, म्हणजे तुम्ही रागावणार नाही. (निदान सगळा राग त्यांच्यावर काढणार नाही.) भर उन्हाळ्यातली दुपार होती. आमच्या दुकानासमोर फुलवाली बसते, ती हातातली टोपली ठेवता ठेवता आमच्याच पायरीवर चक्कर येऊन पडली. आत आणून निजवलं, पंखा लावला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, "बाई, दिवसभरात पाणी किती पिता?" फुलवालीने डोळे न उघडताच उत्तर दिलं, "प्यायलं तर जाऊ कुठे?" वन्सं, आमच्या बाजारात पुरुषांची सोय आहे, आणि जिथे सोय नाही तिथे भिंती आहेत. बायकांसाठी काही म्हणजे काही नाही. भाजीवाल्या मावशी, भांडीवाली, फुलवाली, सगळ्या सकाळी तोंड ओलं करून येतात आणि संध्याकाळपर्यंत घशाला कोरड घेऊन बसतात. हे पँटला इस्त्री करत होते. डॉक्टर गेल्यावर हळूच मला म्हणाले, "तूसुद्धा?" मी म्हटलं, "मग मी काय वेगळ्या मातीची?" इतकी वर्षं एका खोलीत, एकाच कापडाची दोन टोकं धरून बसलेला माणूस, पण त्याला हे ठाऊक नव्हतं. मीही कधी बोलले नव्हते, असल्या गोष्टी बोलायच्या कशा? ते माझ्याकडे बघतच राहिले. इस्त्री पँटवर तशीच राहिली. (पँट गेली. गुडघ्यावर इस्त्रीचा पुरता ठसा उमटला. ती कोणाची होती ते मी इथे लिहीत नाही, कारण तो मतदार आहे.) मग पायात चपला सरकवून ते तडक नगरसेवकांकडे गेले. मागोमाग आम्ही बायका.

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक म्हणजे एक मऊसूत गृहस्थ. सगळे त्यांना फीतकापे म्हणतात. ते आडनाव नव्हे, छंद. नळाच्या तोटीपासून बाकापर्यंत कशालाही फीत बांधून ती कापल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, सरबत पाजलं (आम्ही बायकांनी ओठाला लावून ठेवून दिलं, कारण उघड आहे), आणि मान तिरकी करून म्हणाले, "मास्तर, मागणी रास्त आहे हो. पण विचार करा, बायकांच्या मुतारीपुढे मी हातात कात्री घेऊन उभा. फोटो कसा दिसेल?" ह्यांचे कान लाल झाले. कोणाला कधी नाही न म्हणणारा हा माणूस खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "मग यंदा मी उभा राहतो." फीतकाप्यांनी हसत हसत विचारलं, "कधी?" आणि वन्सं, काय सांगू, तोंडातून सवयीने जे निघायचं तेच निघालं.

बाहेर येईपर्यंत ह्यांचं अवसान गळालं होतं. दुसऱ्या दिवशी मशीनवर असे खाली मान घालून बसले की जणू काल बोललं ते दुसरंच कोणी. पण गाठ बाजारातल्या बायकांशी होती. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी त्यांना मशीनवरून उचललंच म्हणा ना. गळ्यात टेप, कानामागे खडू, बोटात अंगुस्तान, अशा थाटात उमेदवार कचेरीत हजर. निशाणी म्हणून कात्री मागितली, तर ती एका केशकर्तनवाल्याने आधीच पळवलेली. शिलाई मशीन यादीत नव्हतं. उरलेल्यांत मगर, शिडी आणि कुलूप. (मगर कोणी कशासाठी यादीत घातली असेल, हे मला अजून कळलेलं नाही.) ह्यांनी कुलूप घेतलं. म्हणाले, "कुलूप म्हणजे विश्वास." मला ते पटलं होतं, हे कबूल करते.

पोस्टरं छापून आली. कुलपाचं चित्र मात्र झकास, अगदी हात लावून बघावंसं वाटे. ह्यांनी पहिलं पोस्टर हौसेने आपल्याच दुकानाच्या शटरवर, बरोबर मधोमध चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानाशी पोचतो तो गल्लीत ही गर्दी! लोकांनी लांबून शटरवरचं भलंथोरलं कुलूप बघितलं, वर ह्यांचा फोटो बघितला, आणि दुकानाला कायमचं टाळं लागलं, मास्तर बहुतेक गेले, अशी समजूत करून घेऊन जो तो आपापलं कापड वाचवायला धावला होता. ह्यांना वाटलं, हे सगळे आपले पाठीराखे. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. पायरीवर चढले, हात जोडले आणि म्हणाले, "मतदार बंधुभगिनींनो..." मागून आवाज आला, "माझा कोट!" दुसरा आवाज, "मुलीचा फ्रॉक!" तिसऱ्याने तर सरळ शटरला हात घातला. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

त्यानंतर घरोघर फिरणं सुरू झालं. मी बरोबर होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं. दार उघडलं की लोक ह्यांच्या हातांकडे बघत. हात जोडलेले आहेत म्हणजे त्यांत कपडे नाहीत हे कळलं की चेहरे पडत. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, निरोप समारंभासाठी कोट टाकला होता. समारंभ शर्टावर उरकला. आता मी निवृत्तीला रुळलोसुद्धा." एक गृहस्थ पोटावर हात फिरवत म्हणाले, "पँट आता द्याल तरी घालणार कोण? ती ज्याच्या मापाची होती तो मीच राहिलो नाही." एका घरी फ्रॉकाचा विषय निघाला, तर जिच्यासाठी तो टाकला होता ती मुलगी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आणि ती ह्यांच्याएवढी उंच! आणि तुमचे बंधू? प्रत्येक दारात मान खाली घालून, तोच शब्द. अखेर मी त्यांचा दंड धरून रस्त्यावर आणलं.

फीतकाप्यांनी हे बरोबर हेरलं. चौकातल्या भाषणात म्हणाले, "ज्यांना एका पँटला वेळेवर पट्टी मारता येत नाही, ते तुमच्या वॉर्डाचं काय शिवणार?" लोक खो खो हसले. राग मला त्यांच्या बोलण्याचा आला नाही, ते खरंच होतं याचा आला. घरी आल्यावर मी ह्यांना बजावलं, "आजपासून प्रचार बंद. आधी कपाट रिकामं, मग मतं." ते म्हणाले, "बरं, उद्या..." वन्सं, मी नुसतं बघितलं. त्यांनी शब्द गिळला आणि कपाट उघडलं.

आतून काय काय निघालं म्हणता! खाली दडपलेली पडद्याची कापडं, गणवेश, एका सबंध बँडपथकाची जाकिटं (ते पथक मोडून आता त्यातला तुतारीवाला दूध घालतो). आम्ही दोघांनी ते कधी संपवलं असतं देव जाणे, पण बाजार उठला की बायका आमच्याकडे येऊ लागल्या. फुलवाली बटणं लावायला बसली, तिची बोटं सुईत मुरलेली. भाजीवाल्या मावशींनी इस्त्री ताब्यात घेतली. भांडीवाली धागे काढायची आणि तिखट बोलून सगळ्यांना हसवायची. मी काजं करत होते आणि ओणवी होऊन गठ्ठे उचलत होते. उसण भरली ती तिथे, आणि अजून उतरायचं नाव नाही. प्रत्येक खिशात आमचं एकेक पत्रक घालायचं, ही फुलवालीची युक्ती. बिनखिशाच्या फ्रॉकाला तिने पत्रक टाचणीने लावलं. कपडे घरोघर गेले. थोडा घोटाळा झाला, नाही म्हणत नाही. मुख्याध्यापकांचा कोट दूधवाल्याला गेला आणि दूधवाल्याचं बँडचं जाकीट, सोनेरी झालरीसकट, मुख्याध्यापकांना. दूधवाल्याने कोट परत आणून दिला. मुख्याध्यापकांनी जाकीट काही दिलं नाही. संध्याकाळी गॅलरीत घालून बसतात म्हणे.

आणि अगदी तळाशी काय होतं? फीतकाप्यांचं स्वतःचं जाकीट! नुसतं कापून ठेवलेलं, उंची कापडाचं. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "बाही उलटी लावा." भांडीवालीने त्याहून वाईट सुचवलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी मात्र जाकीट मांडीवर घेतलं, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कापडाने आपलं काय वाईट केलंय?" सगळ्या गठ्ठ्यात तेवढं एक त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः नेऊन दिलं. फीतकापे आरशापुढे उभे राहिले ते बराच वेळ हललेच नाहीत, असं ह्यांनी येऊन सांगितलं. आणि सांगताना तुमचे बंधू असे खूश, की जणू निवडणूक ह्यांनीच जिंकली.

आता शेवटची सभा. शाळेच्या मैदानावर सगळ्या उमेदवारांची एकत्र. फीतकापे नवं जाकीट घालून आले. रुबाबदार दिसत होते, खोटं कशाला बोलू. त्यांचं भाषण पुतण्या लिहितो आणि ते खिशातून काढून वाचतात, हे सगळ्यांना माहीत. त्यांनी खिशात हात घातला, कागद काढला, चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "मतदार बंधुभगिनींनो, आपल्या बाजारात दिवसभर राबणाऱ्या आयाबहिणी तहानलेल्या राहतात, ही आपल्या वॉर्डाला लाज आणणारी गोष्ट आहे." मैदान एकदम गप्प झालं. त्यांना वाटलं, भाषण चढलं. आवाज आणखी चढवून वाचलं, "मी शब्द देतो, की बाजारात बायकांसाठी पाणी, दिवा आणि दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह बांधेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काय सांगू! सगळ्यांत पुढे टाळ्या वाजवत होती ती फुलवाली. मग त्यांनी शेवटची ओळ वाचली, "कुलूप या निशाणीवर..." आणि थांबले. जाकिटाला आतून आणखी एक खिसा होता, हे ते विसरले होते. पुतण्याचं भाषण तिथे सुखरूप होतं, आणि बाहेरच्या खिशातून निघालं ते आमचं पत्रक, बाकीच्या कपड्यांसारखं ह्यांनीच सवयीने घातलेलं.

लोकांचं हसू ओसरल्यावर हे उठले. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, तुम्ही कधी बांधणार?" आणि अख्ख्या मैदानानेच उत्तर दिलं, "उद्या!" मी मान खाली घातली. ह्यांनी टेपाची टोकं दोन्ही हातांत धरली. (सभेलासुद्धा टेप! मी घरीच काढून ठेवला होता.) मग म्हणाले, "मला ठाऊक नाही." "मला ठाऊक नाही, कधी होईल. नगरपालिकेत काय चालतं ते मी बघितलेलं नाही. आजवर तुम्हाला उद्या म्हणालो, ते तुमचं तोंड उतरलेलं बघवत नव्हतं म्हणून. पण त्याने तुमचे हेलपाटे वाढले. आता जे होईल ते होईल म्हणेन, आणि नाही होणार ते नाही." एवढंच बोलले आणि बसले. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. पण मी ह्यांना इतक्या वर्षांत कोणाला नाही म्हणताना पहिल्यांदा ऐकलं, आणि माझा ऊर भरून आला, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही.

तर वन्सं, हे पडले. थोडक्यात पडले, पण पडले. मतमोजणीहून आले, हातपाय धुतले आणि मशीनवर बसले. बरेच दिवस दुकानात फक्त मशीनचाच आवाज. लोक येत, कापड टाकत आणि जरा ओशाळून म्हणत, "मास्तर, तुम्ही तिकडे गेला असतात तर आमचं कोण शिवलं असतं?" ह्यात लोकांना वाटे की आपण सांत्वन करतोय.

पण बायका काही फीतकाप्यांना सोडेनात. रोज सकाळी बाजारात जाण्याआधी त्यांच्या दारात उभ्या. "साहेब, तुम्हीच वाचलंत. आम्ही सगळ्यांनी ऐकलं." ते म्हणत, तो कागद माझा नव्हता. मावशी म्हणत, "आवाज तर तुमचा होता?" शेवटी त्यांनी हात टेकले आणि बांधकाम सुरू झालं. उद्घाटनाला ते तेच जाकीट घालून आले, फीत बांधली, भाषण सुरू केलं. फुलवालीने जरा वेळ वाट बघितली आणि मग फितीखालून वाकून सरळ आत गेली. तिच्या मागून मावशी, मग भांडीवाली, मग रांगच. फोटोत फीतकापे कात्री घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी बायका घाईघाईने आत शिरताहेत. बरा दिसतो फोटो. त्या दुपारी ह्यांनी दुकानात पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा कापड कापायला लागले. मी तो सगळा प्यायले. भर दुपारी, सावकाश, बसून.

असो. राजकारण हे आपल्यासारख्या माणसांचं काम नव्हे, हे मला या सगळ्यातून पुरतं कळलं. उन्हातान्हात फिरा, लोकांची बोलणी खा, घरादाराचा खेळखंडोबा करा, आणि हाती काय, तर उसण. यापुढे आमच्या घरात निवडणूक हा शब्द निघणार नाही, याची मी तुम्हाला खात्री देते. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला कमरेला जमेल तेवढा वाकून नमस्कार.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. : एक लिहायचं राहिलं. पुढच्या महिन्यात थोडे दिवस इकडे याल का? दुकानात काम तुंबलं आहे आणि तुमच्यासारखं काज कोणालाच जमत नाही. राहायची सोय नीट करते. जिना चढावा लागणार नाही.

ता. क. २ : वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं! फीतकाप्यांना वरची जागा मिळाली, त्यांनी नगरसेवकपद सोडलं, आता त्यांच्या फिती मोठ्या होणार. आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक आहे. बाजारातल्या बायका परवा घरी आल्या होत्या. हे दार उघडायला इतक्या लगबगीने गेले की खुर्ची पडली. पण त्या मला विचारायला आल्या होत्या. म्हणाल्या, मास्तर लाख माणूस, पण त्यांना घेऊन फिरताना आमचा अर्धा वेळ गिऱ्हाइकांना तोंड देण्यात गेला. बाजाराला नळ हवा आहे, संध्याकाळी दिवे हवे आहेत. मी हो म्हटलं. त्या वेळी हे चहा करायला आत गेले होते, त्यांना वाटतंय बोलावणं त्यांनाच आहे, आणि परवापासून आरशापुढे उभे राहून हात हलवून बघताहेत. माझ्याने सांगवत नाही. तुम्ही मोठ्या, तुम्ही येऊन हळूच त्यांच्या कानावर घाला.

ता. क. ३ : वरचं ता. क. २ वाचलं नाहीत असं समजा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे मागून आले आणि म्हणाले, "अर्जावर सूचक म्हणून सही माझी घे हं, दुसऱ्या कोणाची नको. आणि भाषण करताना उजवा हात एवढा वर उचलू नकोस, काखेत ताणतं. मी करून बघितलंय." म्हणजे चहा करताना सगळं ऐकलं होतं, आणि आरशापुढे चाललं होतं ते माझ्यासाठी! बाजारात सांगूनही आलेत. तेव्हा त्यांच्या कानावर काही घालायला नको. पण तुम्ही याच, आणि लवकर या. निशाणी यंदा शिडी मिळाली तर बरं, असं ह्यांचं म्हणणं आहे. मला मात्र त्या मगरीचं फार मनात आहे.